बर्लीत घेतलेलं एकच तिकीट

वॉटफर्ड,
सोमवार, १९ ऑगस्ट २०२४

चि. आशा,

अक्षर ओळखलंच असशील. आधी हे सांगते, की इकडे सगळे ठीक आहेत, कुणी गेलेलं नाही. नऊ वर्षांनी बहिणीचं पत्र आलं की मनात आधी तेच येतं. फोन केला नाही, कारण तू उचलून गप्प राहिली असतीस तर पुढे काय बोलायचं ते मला सुचलं नसतं.

परवा शनिवारी आम्ही न्यू फॉरेस्टमधल्या बर्ली नावाच्या गावाला जाऊन आलो. अंशुमन आणि तनिषाच्या लग्नाला दहा वर्षं झाली, त्याचं निमित्त. तनिषाला तू लग्नात पाहिलंयस, इल्फर्डची, इथेच जन्मलेली. त्यांच्या सान्वीला मात्र तू पाहिलेलं नाहीस. सहा वर्षांची आहे. पुढचे दोन दात पडलेत, आणि कपाळ तुझ्या-माझ्या आईसारखं आहे.

गाव बघण्यासारखं आहे. नऊशे वर्षांपूर्वी इथल्या राजाने शिकारीसाठी राखून ठेवलेलं हे जंगल, आणि त्याच्या मधोमध हे एवढंसं गाव. काही घरांवर अजून गवताची छपरं आहेत. पोनी, म्हणजे ती बुटकी घोडी, रस्त्यात मोकळी हिंडतात. दुकानाच्या दारात येऊन उभी राहतात, आणि गाड्या त्यांच्यासाठी थांबतात. त्यांना खायला घालायचं नाही अशा पाट्या आहेत. चेटकिणींच्या वस्तूंची दुकानंही आहेत, झाडू, काळ्या टोप्या, बाटल्या. कधीकाळी गावात एक बाई खांद्यावर पक्षी घेऊन फिरायची म्हणे. सान्वीने एका दुकानात माझा हात घट्ट धरला आणि तरी बाहेर यायला तयार होईना. ट्रॅक्टरला जोडलेल्या लाकडी बाकांच्या गाडीतून हरणं दाखवायला नेतात, तेही पाहिलं. शिंगांना मखमल असलेला एक नर अगदी जवळ आला होता.

अंशुमन-तनिषा सायकली घेऊन जंगलात गेले होते. मी आणि सान्वी गावातच होतो. मध्ये दोन मिनिटं ती नजरेआड झाली, एका शिंगराच्या मागे गेली होती. सापडली. काही झालेलं नाही तिला. एक बूट तेवढा गेला.

आशा, एक विचारायचं होतं. आईचं तुला पहिल्यांदा कधी लक्षात आलं? डॉक्टरांनी सांगितलं तेव्हाचं नव्हे. त्याच्या आधी, तुझं तुला, एखाद्या साध्या गोष्टीवरून? सहजच विचारतेय. इथे एका मैत्रिणीच्या बाबतीत प्रश्न आलाय.

उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.

अरुणा


वॉटफर्ड,
बुधवार, २८ ऑगस्ट

चि. आशा,

पहिलं पत्र अजून तुला मिळालंही नसेल. पण त्यात मी खोटं लिहिलंय, आणि ते दुरुस्त केल्याशिवाय मला राहवत नाही. मैत्रीण वगैरे कुणी नाही.

तुला माहीत आहे, माझी स्मरणशक्ती कशी होती. कौन्सिलच्या हाउसिंग ऑफिसात चोवीस वर्षं काढली. भाडेकरूचा चेहरा पाहिला की फ्लॅटचा नंबर, मुलांची नावं, कुठल्या खिडकीतून पाणी गळतं, सगळं तोंडावर. तिथले लोक फाईल शोधायच्या आधी मला विचारायचे. म्हणून गेलं वर्षभर जे चाललंय ते मी कुणाला कळू दिलं नाही. किटली दोनदा लावणं, तेच दुकान उलट्या बाजूने आलं की न ओळखणं, असलं काहीबाही. कुणी काही विचारलं आणि आठवलं नाही, की मी 'हो' म्हणते. 'हो' म्हटलं की माणसं पुढे जातात, हे मला कळलं होतं.

आता बर्लीचं ऐक. मला आठवतंय ते आणि नंतर जोडून घेतलेलं, दोन्ही लिहिते.

पावणेदोनच्या सुमाराला आम्ही हिरवळीजवळच्या बाकावर बसलो होतो. ऊन पडलं म्हणून सान्वीने तिचा पिवळा रेनकोट काढून माझ्या हातात दिला. पलीकडे एक घोडी आणि तिचं शिंगरू चरत होतं. सान्वी म्हणाली, "आजी, मी बेबी पोनी बघायला जाऊ?" मी "हो" म्हटलं. तिने पुन्हा विचारलं, "त्या झाडांपर्यंत जाऊ?" मी पुन्हा "हो" म्हटलं. शिंगरू चालत होतं, ती त्याच्या मागे चालत होती. इथपर्यंत मला स्वच्छ आठवतं.

त्यानंतर मी बाकावरून उठले आणि हरणांच्या गाडीकडे गेले. एक तिकीट घेतलं. एकच, आशा.

मी मजेत होते, हे मला सगळ्यात भयंकर वाटतं. वारा छान होता. शेजारच्या इंग्रज बाईने विचारलं, एकट्याच आलात का? मी म्हटलं, हो, एकटीच. तिने मला पेपरमिंट दिलं. आम्ही हरणं पाहिली. ती मखमली शिंगं मी पाहिली ती तेव्हा, सान्वीबरोबर नव्हे. पाऊण तास माझ्या मनाच्या कुठल्याही कोपऱ्यात नात नव्हती. चिंता नव्हती, चुटपुट नव्हती. तिची जागाच नव्हती.

उतरताना पाहिलं तर माझ्या हातावर एक छोटा पिवळा रेनकोट. आतल्या पट्टीवर नाव लिहिलेलं होतं, सान्वी. मला वाटलं, अरे, आपल्याकडचं कुणीतरी आलेलं दिसतंय. मी तो गाडीवाल्याला दिला. म्हटलं, कुणाचा तरी राहिलाय, बिचारे शोधत असतील.

मग टी-रूममध्ये जाऊन मी चहा आणि स्कोन, म्हणजे इथला गोडसर पाव, मागवला. सव्वातीनला फोन वाजला. अंशुमन म्हणाला, "आई, एका टेकडीवर कशीबशी रेंज मिळालीय. आम्हाला अजून तासभर लागेल. सान्वीने खाल्लं का?"

मी म्हटलं, "हो, छान खाल्लं."

त्याने फोन ठेवला. समोर एकच कप आणि एकच बशी होती. मी त्या बशीकडे बघत राहिले, आणि मग ते सगळं एकदम अंगावर आलं. मी उभी राहिले तेव्हा खुर्ची पडली. मी मराठीत ओरडत होते असं त्या टी-रूमच्या बाईने नंतर सांगितलं. तिनेच पोलिसांना फोन लावला आणि ॲप्रन न काढता माझ्याबरोबर धावली.

त्या जंगलाचं सांगते तुला. गावातून ते बागेसारखं दिसतं. आत शंभर पावलं गेलं की चारी दिशा सारख्या. वर हिरवं गवत दिसतं आणि खाली गुडघाभर चिखल असतो. त्याला बॉग म्हणतात, त्यात घोडीसुद्धा अडकतात. मी "सान्वी" अशी हाक मारायची आणि थांबून ऐकायची. काहीच ऐकू यायचं नाही. आणि आशा, मला सतत भीती वाटत होती की हाका मारता मारता मी कुणाला शोधतेय तेच विसरेन. म्हणून मी तिचं नाव तोंडातून खाली पडू देत नव्हते.

तीन पन्नासला ती सापडली. घोड्यावरून रपेटीला निघालेल्या एका बाईने तिला पाहिलं. मांड्यांपर्यंत चिखलात, एका वाळक्या फांदीला धरून उभी होती. रडत नव्हती. रडून झालं होतं. दोन तास, आशा. दोन मिनिटं नव्हे.

अंशुमन आला. तिला ब्लँकेटमध्ये गुंडाळून छातीशी धरलं आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "आई, तुझं लक्ष कुठे होतं?"

हेच शब्द. मी तुला आईच्या तेराव्याला, वीस माणसांसमोर विचारले होते तेच. तू शाळेत पेपर तपासायला गेली होतीस, सांभाळणाऱ्या बाईचा डोळा लागला, आई घराबाहेर पडली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कृष्णेच्या काठावर तापाने फणफणलेली सापडली. अकरा दिवस हॉस्पिटलात तू तिच्या उशाशी होतीस. मी विमानातून उतरून आले आणि ते विचारलं.

आणि मी अंशुमनला काय उत्तर दिलं? म्हटलं, "मला जरा गरगरलं, आणि तेवढ्यात ही पळाली."

ही पळाली. मी सहा वर्षांच्या पोरीवर ढकललं. तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं.

आता फ्रिजवर एक कार्ड आहे. तनिषाने तिला लिहायला लावलं. 'सॉरी आजी, आय रॅन अवे.' खाली पोनीचं चित्र. ती आता घरात सुद्धा कुणाचा तरी कपडा धरूनच चालते. काल मला हळूच म्हणाली, "आजी, मी विचारला होता ना?" मी काय म्हटलं असेल? "हो" म्हटलं, आणि स्वयंपाकघरात निघून गेले.

मला सांगायची भीती वाटते. सांगितलं की ते खरं होईल.

अरुणा


वॉटफर्ड,
गुरुवार, १२ सप्टेंबर

आशा,

तुझं पत्र मंगळवारी आलं. माझ्या पहिल्या पत्राचं उत्तर. दुसरं तेव्हा तुला मिळालेलंच नव्हतं, आणि तरी तू पहिल्या ओळीत लिहिलंस, 'ताई, दोन मिनिटांत बूट जात नाही.' मी जिन्यातच बसले.

शाळेत पोरं तुला का टरकायची ते कळलं.

पुढचं मी कितीदा वाचलं ते सांगत नाही. 'आई काहीही विचारलं की हो म्हणायला लागली. जेवलीस का, हो. औषध घेतलंस, हो. ताईचा फोन आला होता का, हो. तेव्हा मला संशय आला. मी तुला दसऱ्याला फोन करून सांगितलं होतं. तू म्हणालीस, म्हातारपण आहे, तू उगाच घाबरतेस.'

मी म्हणाले होते. तू फोन केल्याचं मला आठवत नव्हतं, पण तुझं वाचल्यावर माझा आवाजसुद्धा आठवला. मी ऑफिसात होते आणि मला घाई होती.

शेवटी तू लिहिलंस, 'पोरीला काय सांगितलंय तुम्ही?' बाकी एक शब्द नाही. माफ केलं नाही, शिव्याही दिल्या नाहीस. ते बरं केलंस. दोन्हींपैकी काहीही असतं तर मी त्यातच गुंतून पडले असते.

काल संध्याकाळी सान्वी शाळेतून आल्यावर, सगळे घरात असताना सांगितलं. ओट्याची कड धरून उभी राहिले.

"अंशुमन, जरा इकडे ये. तनिषा, तूही. सान्वी त्या दिवशी पळाली नव्हती."

अंशुमन म्हणाला, "आई, झालं ते झालं. आता परत नको."

"झालेलं नाही. ती विचारून गेली. मी दोनदा हो म्हटलं. आणि मग मी तिला विसरले."

"विसरले म्हणजे? लक्ष नव्हतं?"

"म्हणजे ती आहे हेच विसरले. तुझा फोन आला तोपर्यंत."

सगळं सांगितलं. तिकीट, पेपरमिंट, रेनकोट. रेनकोटाचं ऐकताना अंशुमन खाली बसला. इतका मोठा माणूस, पण चेहरा दहा वर्षांचा झाला होता. म्हणाला, "मी विचारलं तेव्हा तू म्हणालीस की तिने खाल्लं."

"हो."

"पस्तीस मिनिटं आई. त्या फोननंतर पस्तीस मिनिटं ती त्या चिखलात होती."

"हो," मी म्हटलं. या वेळचं 'हो' खरं होतं.

 तनिषा चिडली की मराठीच बोलते, का कोण जाणे. म्हणाली, "मी तिला कार्ड लिहायला लावला. मी, आई! तिने नको म्हटला होता. आणि तुम्ही तो फ्रिजवर लावला. रोज बघितला." मग रडायला लागली. "तुम्ही मला आधी का नाही सांगितला? मी हेल्प केला असता. मी तुमच्याबरोबर डॉक्टरकडे आला असता."

मी म्हटलं, "भीती वाटली."

"मला पण वाटते," ती म्हणाली. "म्हणून सॉरी, पण आता सान्वीबरोबर तुम्ही एकटं नाही राहायचा. पाच मिनिटंपण नाही."

मला वाटलं होतं की हे ऐकताना मी कोसळेन. पण मला बरं वाटलं. कुणीतरी दार बंद करून कडी लावतंय, असं.

मग मी सान्वीसमोर खाली बसले. गुडघे दुखतात, पण बसले. म्हटलं, "बाळा, तू विचारलं होतंस. आजीने हो म्हटलं होतं. आजीच्या डोक्याला बरं नाहीये, म्हणून आजी विसरली. तू काहीच चुकली नाहीस. मी खोटं बोलले."

तिने आधी आईकडे पाहिलं. मग विचारलं, "मग मी नॉटी नव्हती?"

"नव्हतीस."

"मी तुला खूप वेळ हाक मारली, आजी. लाउडली."

तिला जवळ घ्यायला माझे हात पुढे झाले, पण ती तनिषाचा स्वेटर धरून उभी होती. मी हात मागे घेतले. आज सकाळी मात्र ती स्वतःहून माझ्या शेजारी टोस्ट खायला बसली. मध्ये एक खुर्ची मोकळी ठेवून, पण बसली.

अरुणा


वॉटफर्ड,
शनिवार, १६ नोव्हेंबर

आशा,

आपले तीन फोन झाले, तरी हे लिहायचंच होतं. फोनवर मी बोललेलं मला पुरतं आठवत नाही. कागद तुझ्याकडे राहील.

डॉक्टरीणबाईंनी एक पत्ता लक्षात ठेवायला सांगितला आणि घड्याळ काढायला दिलं. घड्याळ जमलं. पत्त्यातलं फक्त गाव राहिलं, नाव आणि नंबर गेले. मी, चोवीस वर्षं पत्तेच सांभाळणारी. त्या अगदी गोड बोलल्या, त्यावरूनच ओळखलं. स्कॅन झालंय. मेमरी क्लिनिकची तारीख जानेवारीत आहे. म्हणाल्या, नुसत्या वयाचं हे वाटत नाही, पण गोळ्या आहेत, सवयी लावून घेता येतील, वेळ आहे. किती, ते विचारलं. त्यांना सांगता येत नाही.

मी घाबरलेय, आशा. सकाळी जाग आल्यावर आधी सगळ्यांची नावं मोजते. अंशुमन, तनिषा, सान्वी, आशा. चारही जागेवर असली की मग उठते. आईला असं होत असेल का? ती आपल्याला मोजत असेल का, आणि आपल्याला कळलं नसेल? तू तिच्याजवळ होतीस. तुला कळलं असेल.

म्हणून तुझी माफी आत्ताच मागते. मी काय बोलले, कुठे बोलले, कोण कोण बसलं होतं, तुझ्या हातात पाण्याचा तांब्या होता आणि तू तो खाली ठेवला नाहीस, हे सगळं मला आज लख्ख आठवतंय. पुढे कधी मी सॉरी म्हटलं तर ती नुसती सवय असेल. आजची ही माफी मात्र माझी आहे. तुझं लक्ष होतं, आशा. सात वर्षं दिवसरात्र तुझंच लक्ष होतं. माझं नव्हतं.

यावर काही बोलू नकोस. माफ करायचं की नाही ते तू तुझ्या वेळेने ठरव. मला फक्त ते तुझ्या हाती द्यायचं होतं.

तुझा व्हिसा आला हे ऐकून तनिषाने वरची खोली आवरली. सान्वी विचारते, दुसरी आजी पण विसरते का? मी सांगितलं, ती शिक्षिका आहे, ती काही विसरत नाही. तेव्हा ती जरा घाबरलीच. स्वेटर दोन आण, आणि पायमोजे लोकरीचे. डिसेंबरात साडेतीनलाच अंधारून येतं.

सहा तारखेला हीथ्रोला अंशुमन येईल. मी पण त्याच्याबरोबर येईन, त्याचा हात धरून. नऊ वर्षांत तुझे केस पांढरे झाले असतील, तू वाळली असशील. गर्दी असेल, सगळे ट्रॉल्या ढकलत बाहेर येत असतील. मी तुझ्याकडे बघितलं आणि माझा चेहरा तसाच राहिला, तर वाईट वाटून घेऊ नकोस, तिथे थांबूही नकोस. सरळ माझ्यापाशी ये आणि आधी तू मला हाक मार.

तुझी,
ताई